लेकीच्या हाती न दिलेली सुरी

मी एक जुनी सुरी आहे, बांबूच्या कामट्या सोलणारी. मित्रांनो, भाजी चिरणाऱ्या सुऱ्यांशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. लोहाराने मला मोडक्या गाडीच्या पाट्यातून घडवलं. तेव्हापासून मी एकाच घरात आहे. आधी आजीने मला वापरलं, मग आईने. आमच्या टोपल्या बाजारात सगळ्यांना हव्या असत. त्या विणणाऱ्या आमच्या जमातीला मात्र कोणी शेजारी बसवून घेत नसे.

लेकीला आईने मला कधी शिवू दिलं नाही. "तू पुस्तक धर," म्हणायची आणि मला उंच खिळ्याला अडकवायची. मला वाईट वाटायचं, खोटं का सांगू? पण पोरगी हुशार निघाली. शाळेत पहिली आली, मोठ्या कॉलेजात तिला जागा मिळाली. फी भरायची घरात ऐपत नव्हती. तेवढ्यात तिच्या बाईंनी एक अर्ज आणून दिला. शिष्यवृत्ती होती, फक्त आमच्या जमातीच्या मुलांसाठी. मुदत दोनच दिवसांची होती.

लेक अर्जाला हात लावेना.

"आई, मला साधी टोपली विणता येत नाही. कुठल्या तोंडाने या नावाने शिष्यवृत्ती घेऊ?"

"बरं, मग ये. वीण," आई म्हणाली आणि तिने मला खाली काढलं.

पोरीने दिवसभर मला सोडलं नाही. बोट कापून घेतलं, ढीगभर कामट्या वाया घालवल्या, आणि शेवटी जे विणलं त्यात बटाटेसुद्धा थांबले नसते. पण पठ्ठी जागची उठली नाही! मला तिचा फार अभिमान वाटला. आईला मात्र हसू आवरेना.

"शिकशील हळूहळू," ती म्हणाली. मग गंभीर झाली. "मला दुसरीत वर्गातून उठवलं, बाळा. मास्तरांना आमच्या जमातीची पोरं नको होती. तेव्हा कोणी विचारलं नाही, हिला विणता येतं का म्हणून. नाव ऐकलं आणि दार लावलं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय? अभ्यास सोडून रडत बसली असतीस."

लेकीने मला खाली ठेवलं. मग तिने अर्ज पुढे ओढला. पालकांचा व्यवसाय विचारला, की शाळेत ती नेहमी 'मजुरी' लिहायची. आज बोटाला चिंधी बांधलेल्या हाताने तिने ठळक लिहिलं, 'टोपल्या विणणे'. आणि सही केली.

आता ती कॉलेजात शिकते. मी आईपाशीच आहे, आणि तेच बरं आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार असेल. त्याला गंज चढू देऊ नका, अधूनमधून तेल लावा. आणि ते धरून ज्यांचे हात सोलवटले, त्यांना एकदा जवळ बसून विचारा, तुम्हाला कोणी वर्गातून उठवलं होतं का? ते आपणहून सांगत नाहीत.