बुटाने बुजवलेला खड्डा

“कोण खाली जाणार म्हणालात?” खिडकीमागच्या पोरीनं विचारलं.

“हेलिंगशॉ,” मी मफलरमधून पुटपुटलो.

“जरा मोठ्यानं बोला ना, आजोबा.”

“हेलिंगशॉ टाउन!” मी ओरडलो, आणि पैजेच्या त्या दुकानात घोड्यांच्या शर्यती बघत बसलेली सगळी टाळकी माझ्याकडे वळली. एकाने टाळ्या वाजवल्या. “शाब्बास! बुडवा त्या मेंढ्यांना!”

ब्रॅमवर्थ आमच्यापासून बसने पंचवीस मिनिटांवर. तिथल्या माणसाने हेलिंगशॉच्या माणसाचं कौतुक केल्याची घटना शंभर वर्षांत घडली नव्हती. ती माझ्या वाट्याला आली. मी घरात लपवून साठवलेले तीनशे पौंड दिले, चिठ्ठी खिशात घातली आणि बसमध्ये घरापर्यंत मफलर तोंडावरून काढला नाही.

मी विल्फ ऑर्मरॉड. हेलिंगशॉ टाउन या फुटबॉल क्लबच्या मैदानाचा माळी, एक्केचाळीस वर्षं. गावात माझी ओळख दोन गोष्टींसाठी. एक हिरवळ आणि दुसरी थापा. आमची गांडुळं बॅन्डच्या तालावर वर येतात आणि राष्ट्रगीत संपलं की शिस्तीत खाली जातात, हे मीच सांगितलं. सत्त्याऐंशीच्या वादळात आमच्या कोपऱ्यावरचा झेंडा उडाला तो ब्रॅमवर्थच्या पाद्र्याच्या कोबीत जाऊन रुतला, आणि पाद्र्याने त्याला कॉर्नर दिला, हेही माझंच. लोक हसतात, ग्लास भरून देतात. माझं चाललेलं असतं.

पण पैजेची गोष्ट थाप नाही. क्लबच्या माणसाने फुटबॉलवर पैज लावायची नाही, हा नियम माझ्याच खोपटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. रोज कोट अडकवताना तो दिसतो.

झालं असं की फेब्रुवारीत आमची सेक्रेटरी डोरीन चहाला खोपटात आली आणि बादली उलटी करून बसली.

“विल्फ, आपण लीगमधून खाली गेलो ना, तर संपलो.”

“दरवर्षी कोणी ना कोणी जातंच की. मरतात का सगळे?”

“ते शहाणे असतात. खेळाडूंच्या करारात लिहून घेतात, की संघ खाली गेला तर पगार निम्मा. आपल्याकडे ते कलमच नाही.”

“का नाही?”

“मी टाईप करून नेलं होतं. ग्रिमशॉसाहेबांनी फाडलं. म्हणाले, ‘खाली गेलो तर’ हे शब्द माझ्या क्लबच्या कागदावर उमटायचे नाहीत, अपशकुन होतो!”

ग्रिमशॉ आमचा चेअरमन, सतरंज्या-गालिच्यांचा व्यापारी. सामन्याच्या दिवशी डावा मोजा आधी घालणारा. आणि आपल्यात म्हणून सांगतो, त्या वेळी मलाही त्याचं पटलं. आमच्या गावात कोणालाही पटलं असतं.

डोरीन म्हणाली, “लीगच्या पैशातला हिस्सा बंद, बियरवाल्यांची जाहिरातीची पाटी जाणार, प्रेक्षक निम्मे. आणि खेळाडूंचे पगार मात्र तेच. मग कापायचं कोणाला?”

“कोणाला?”

“ज्यांना काढायला वकील लागत नाही त्यांना. तू, मी आणि तुझी मेव्हिस.”

मेव्हिस माझी बायको. मैदानाच्या कोपऱ्यातल्या टपरीत तीस वर्षं चहा आणि मांसाचे पाय विकते. पाय म्हणजे आमच्याकडची मैद्याच्या पारीतली भरली पोळी. मेव्हिसची पारी अशी की दात नसलेल्यानेही मागून खावी. आमच्या घरातले दोन्ही पगार एकाच हिरवळीवर उगवत होते. म्हणून मी ब्रॅमवर्थला गेलो. घराचा विमा उतरवणारा काही घर पेटावं म्हणून उतरवत नाही, असं स्वतःला सांगितलं. विमा उतरवणारा स्वतःच त्या घरातल्या चुलीवर कामाला असला तर काय, एवढं मात्र विचारलं नाही.

मे महिन्याचा पहिला शनिवार. शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. मध्यंतराला शून्य-शून्य.

मध्यंतरात आम्ही माळ्याचे लांब दांड्याचे काटे घेऊन मैदानात उतरतो. खेळाडूंच्या बुटांनी उखडलेली ढेकळं काट्याने खालून उचलायची, खाली चिमूटभर वाळू घालायची, मग दाबायची. वरून दाबलं तर ढेकूळ बसल्यासारखं दिसतं, पण खाली पोकळ राहतं. हे मी पन्नास पोरांना शिकवलं असेल, आणि बुटाने दाबणाऱ्याच्या कानाखाली आवाजही काढलाय.

उत्तरार्धात आमचा गोलकीपर ओवेन उभा राहणार होता त्या बाजूला, त्याच्या उजव्या हाताला, तळहाताएवढी हिरवळ उखडली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. काटा हातात. वाळूची बादली पायाशी. समोर मेव्हिसच्या टपरीपुढे रांग, तिच्या चष्म्यावर वाफ. कोटाच्या आतल्या खिशात ती चिठ्ठी.

मी बुटाने दाबलं, आणि पुढे गेलो.

का? मला माहीत नाही. घाई होती म्हणालो तर खोटं. चार मिनिटं हातात होती. मुद्दाम केलं म्हणालो तर तेही माझ्याने म्हणवत नाही. एवढंच खरं, की एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा बूट वापरला, आणि नेमका त्या दिवशी.

शहाऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या म्हाताऱ्या होत आलेल्या फॉरवर्डने एक फटका मारला. फटका कसला, झोपलेल्या मांजराला पायाने बाजूला सारावं तसा. ओवेन शांतपणे खाली वाकला. दोन्ही हात, मागे गुडघा, पुस्तकात काढतात तसा. चेंडू त्या ढेकळाला लागला, टुणकन उडाला आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला.

आठ हजार माणसं होती. एक खोकलं, तेही ऐकू आलं.

डोरीनने सांगितलं होतं तसंच जूनमध्ये झालं. आधी तिची खुर्ची गेली, मग मेव्हिसची टपरी, मग मी. ब्रॅमवर्थच्या खिडकीतून मला पंधराशे पौंड मिळाले. घरी मेव्हिसला सांगितलं, “ग्रिमशॉने दिलेत. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल.”

तिने डोळे पुसले. “मी उगाच त्याला शिव्या देत होते रे. मनाचा मोठा निघाला.” आणि तिने त्याला आभाराचं पत्र पाठवलं, वर एक पाय भाजून पाठवला. ग्रिमशॉने तो खाल्ला. कशाबद्दल आला हे विचारलं नाही. चेअरमन लोक विचारत नाहीत.

पण खरी किंमत ओवेनने मोजली. तेवीस वर्षांचा, आमच्याच गिरणीच्या गल्लीतला. त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि जो गोल सगळ्या देशाने हसत हसत पाहिला, त्याच्यानंतर त्याला कोण घेणार? गावाने त्याचं नाव ‘लोणीहात्या’ ठेवलं. बेकरीवाल्याने ब्रेडबरोबर लोण्याची वडी फुकट दिली आणि म्हणाला, “हाताला लाव, जुनं संपलं असेल.” त्याच्या आईने चर्चला जाणं सोडलं.

ऑगस्टच्या एका दुपारी दारूच्या गुत्त्यात सगळे जमले होते. ओवेन कोपऱ्यात एकटा. दुसऱ्या दिवशी तो लीड्सच्या एका गोदामात कामाला निघणार होता. बार्नी खाटीक मोठ्याने म्हणाला, “सांभाळून रे पोरा, तिथं खोकी पकडायची असतात!”

हशा झाला. मी उठलो.

“त्याची चूक नव्हती,” मी म्हणालो. “माझी होती.”

“घ्या! विल्फ सुरू झाला,” बार्नीने खुर्ची ओढली. “बसा रे सगळे.”

“मध्यंतरात तिथं ढेकूळ उखडलं होतं. मी काट्याने नाही उचललं. बुटाने दाबलं.”

“आणि गांडुळांनी काय केलं?” मागून कोणीतरी ओरडलं.

“गांडुळं नव्हती रे! ऐका. मी ब्रॅमवर्थला जाऊन पैज लावली होती. आपण खाली जाणार म्हणून. तीनशे पौंड.”

मग असं हसणं फुटलं, की फळीवरचे ग्लास किणकिणले. बार्नी टेबलावर डोकं आपटत होता. “ब्रॅमवर्थला! हा! आणि त्यांनी याला जिवंत परत पाठवला!”

“टाळ्या वाजवल्या त्यांनी,” मी म्हणालो.

“टाळ्या वाजवल्या! अरे देवा, पोट दुखतंय माझं. मेव्हिस, ऐकलंस का? तुझ्या नवऱ्याची आजवरची सगळ्यात भारी!”

मेव्हिस दाराशी उभी होती. तीही हसत होती. डोळे पुसत म्हणाली, “याला तीनशे पौंड कुठून मिळणार? मी याला बसचं भाडंसुद्धा मोजून देते.”

“मी शपथेवर सांगतो.”

“शपथेवर तर झेंड्याचीही सांगितली होतीस, म्हाताऱ्या!”

एक्केचाळीस वर्षं मी या लोकांना एकच शिकवलं होतं, की विल्फ बोलला की हसायचं. चांगले शिकले होते.

ओवेन उठला. तो हसत नव्हता. तो सावकाश माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“विल्फ, तुमचे उपकार विसरणार नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “या गावात माझ्यासाठी खोटं बोलायलाही कोणी उठलं नव्हतं.”

“पोरा, मी खोटं नाही...”

“माहीत आहे हो. राहू दे.” त्याने गल्ल्यावर नोट ठेवली. “यांना एक भरून दे. मोठा.”

तो दाराकडे गेला. कोणी खुर्ची सरकवली नाही. त्याला अंग चोरून टेबलांच्या मधून जावं लागलं. दार लागलं. पोऱ्याने ग्लास माझ्यासमोर ठेवला, फेस काठावरून ओघळत होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, पुढचं ऐकायला.

मी ग्लास उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.