कपाटात नसलेला विषय

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पोराने आर्ट्सला कुठला विषय घ्यायचा हे कॉलेज ठरवत नाही, पोरगं तर नाहीच नाही. ते दगडूकाकांचं कपाट ठरवतं.

त्याचं असं झालं, की काकांच्या मुलाने फार पूर्वी अर्थशास्त्रात बी.ए. केलं. गिरणी बंद पडलेली, तरी काकांनी त्याला सगळी पुस्तकं नवी घेऊन दिली होती. तो पास झाल्यावर ती रद्दीत घालायला त्यांचं मन होईना. त्यांनी ती एका लोखंडी कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षी शेजारच्या मुलाला दिली. तेव्हापासून चाळीत जो आर्ट्सला जातो तो अर्थशास्त्रच घेतो, कारण पुस्तकं आहेत. म्हणजे शालू घरात आहे म्हणून लग्न ठरवायचं! माझे बाबासुद्धा याच कपाटातून पास झालेले.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या मजल्यावरच्या स्वप्नीलदादाच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. त्याने पुस्तकं नेली, वर्षभर पलंगाखाली ठेवली आणि पुसून परत केली. त्याच्यानंतरच्यांनीही तेच केलं. पण काकांना हे सांगायची कुणाची टाप नव्हती. प्रत्येक पोराच्या ॲडमिशनला इस्त्रीचा शर्ट घालून तेच तर रांगेत उभे राहिलेले.

चाळ पाडून टॉवर झाला तरी कपाट आलंच. लिफ्टमध्ये मावेना, तर चौघांनी जिन्याने वर चढवलं. आता ते आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर उभं असतं आणि पाहुणे ते वीजमंडळाचं समजतात.

तर यंदा माझी पाळी. पोर्टलवर मुख्य विषय अर्थशास्त्र भरून मी मोकळी झाले होते. शनिवारी दादरला आमच्या कॉलेजात नव्या मुलांसाठी मार्गदर्शन होतं, तिथे मी निव्वळ हजेरीपुरती गेले. एकेक सर उठून आपल्या विषयाचे गोडवे गात होते आणि मी मागच्या बाकावर वडापाव संपवत होते.

मग दीपिका मॅडम उठल्या. त्यांनी ना क्रेडिट सांगितले, ना नोकऱ्या.

"एक जुनी चाळ पाडली," त्या म्हणाल्या. "त्याच जागेवर टॉवर बांधला. माणसं तीच राहायला आली. मग ही तीच चाळ की दुसरी?"

मी तोंडात घास तसाच ठेवून उभी राहिले. "तीच!"

"दुसरी," पुढच्या बाकावरचा एक चष्मिष्ट म्हणाला. "भिंती नाहीत, गॅलरी नाही, तीच कशी?"

"ए, चाळ तुझी पडली का माझी?" मी म्हटलं. सगळा वर्ग हसला. पण माझं डोकं सणकलं होतं, कारण त्याला काय उत्तर द्यावं ते मला खरंच सुचत नव्हतं. आणि सुचत नव्हतं याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता!

"यालाच तत्त्वज्ञान म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "एवढंच सांगते, घरी गेल्यावरही जो विषय डोक्यातून जात नाही तो घ्या. पोर्टल आज पाचपर्यंत चालू आहे. नंतर बदल होणार नाही."

बसमध्ये मी एकटीच बडबडत होते. घरात शिरल्या शिरल्या बाबांना म्हटलं, "मला तत्त्वज्ञान घ्यायचंय." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "काका म्हणतील तसं."

काका कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून तयार.

"इलंस? ह्यो बघ तुझो सेट."

"काका, मला तत्त्वज्ञान घ्यायचंय."

"तां काय असता? आणि त्येची पुस्तकां खंय आसत आपल्याकडे?"

समजावण्यापेक्षा मी सरळ मॅडमचा प्रश्न विचारला. काकांनी विचारही केला नाही. "माणसां तीच ना? मग चाळ तीच!"

शेजारच्या दारातून रखमाकाकी कडाडल्या, "चाळ खंयची ही! चाळीत मी दार कधी लावलंय? हय साखर मागुक जायचा तर बेल मारूची लागता!"

एवढ्यात लिफ्टमधून स्वप्नीलदादा उतरला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो भांडणात पडला. "काका, माणसं म्हणजेच चाळ, तर उद्या सगळे गावाला गेलो की चाळ गावाला गेली?"

"गणपतीत जाता नाय?" काका म्हणाले, आणि बाबा खो खो हसत बाहेर आले. पाहता पाहता मजल्यावरची सगळी दारं उघडली. टॉवरमध्ये आल्यापासून असा गलका पहिल्यांदाच होत होता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण पाच वाजत आले होते, आणि गठ्ठा अजून काकांच्या मांडीवरच होता.

"काका, या कपाटाची दारं बदललीत ना?" मी विचारलं.

"गंजलेली. बदलली."

"पाय?"

"ते पण."

"कुलूप नवं, रंग नवा. मग हे तेच कपाट कसं?"

"कसा म्हणजे? तांच आसा!"

"पण का?"

काकांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला.

"ही पुस्तकां कोण उघडीत नाय, माका म्हायत हा," ते हळू आवाजात म्हणाले. "पलंगाखाली ठेवतास आणि पुसून आणून देतास." स्वप्नीलदादा लिफ्टचे आकडे बघू लागला. "पण न्हेऊक येतास. पेपर बरो गेलो, म्हणान सांगूक येतास. म्हणान तां तांच कपाट."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं आम्ही म्हाताऱ्याला फसवतोय असं समजत होतो, आणि ते सगळं जाणून दर जूनला गठ्ठा बांधत होते.

"मग काका, विषय दुसरा घेतला तर मी येणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

काका वाकून सुतळीची गाठ सोडायला लागले. नखाने सुटेना, तर दाताने सोडली.

"किती वाजले?"

"पाचला पाच कमी."

"मगे बघतंस काय? भर!"

लिफ्टसमोर रेंज नाही. मी जिन्याच्या खिडकीकडे धावले, माझ्यामागे अख्खा मजला. पोर्टल गोल गोल फिरत राहिलं, रखमाकाकींनी रवळनाथाला नारळ बोलला, आणि स्क्रीनवर हिरवी टिक आली. बाबांनी अशी शिट्टी मारली की खालचा वॉचमन वर बघू लागला.

परत आलो तेव्हा काकांनी वरचा कप्पा रिकामा करून फडक्याने पुसला होता.

"ह्यो तुझो."

"पण काका, माझ्याकडे ठेवायला एकही पुस्तक नाही."

"नसांदे. तू ये म्हणजे झाला."

सोमवारी पहिलं लेक्चर झालं. संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडले ती घरी गेलेच नाही. कपाटासमोर काकांनी आज दोन खुर्च्या मांडल्या होत्या.