फक्कीची वाट

सुनीतीबाईंनी घाटंजी गाव समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

लग्न झाल्यापासून त्या कमलाकररावांच्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसत आल्या. जाताना गावाची डावी बाजू दिसे, येताना उजवी. दोन्ही बाजू त्यांना तोंडपाठ होत्या. पण समोर काय असतं, ते कमलाकररावांच्या सदऱ्यामुळे कळायला मार्ग नव्हता. सदरा बहुधा पांढरा असे.

शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर सुनीतीबाईंनी मुलाची, मंदारची, कॉलेजातली जुनी सायकल माळ्यावरून खाली काढायला लावली आणि जाहीर केलं, की मी शिकणार.

"शीक," कमलाकरराव म्हणाले. "पडशील थोडी. सायकल शिकताना सगळेच पडतात."

"सगळे पडतात. शाळेतल्या बाई पडत नाहीत."

यात तथ्य होतं. अर्ध्या घाटंजीला त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलं होतं. ते सगळे आता मोठे होऊन चौकात पानठेल्यावर उभे असत, आणि वाटच पाहत असल्यासारखे दिसत.

म्हणून गावाबाहेरून, गावाला न दिसणारी एखादी वाट पाहिजे होती.

कमलाकरराव एका सरकारी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढत असत. त्यांनी काढलेला एकही रस्ता पुढे झाला नाही, त्यामुळे त्यांच्या कामात कोणाला कधी चूक सापडली नव्हती. ही वाट मात्र त्यांनी कागदावर काढलीच नाही. शाळेमागच्या पांदणीने निघायचं, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला वळसा घालायचा, ईदगाहच्या कडेने तुरीच्या शेतांतून विहारामागच्या चिंचेपाशी यायचं, तिथून उताराने वाघाडी नदीवरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, ओलांडायचा आणि पलीकडच्या पांदणीने पुन्हा शाळेत. सगळ्या जुन्या बैलगाडीच्या वाटा. मधली झुडपं तोडली, तेवढंच. गावाला सांगितलं, ही चालण्याची आणि सायकलची आरोग्यवाट आहे. गावाने मान डोलावली आणि कोणी तिकडे फिरकलं नाही. बेत तोच होता.

वाट कळायला जमिनीवर बाण मारून दिले धम्मरत्नने. तो शाळेत खेळाचा शिक्षक. ग्राउंडवर चुन्याची फक्की मारावी तर त्याने.

"काका, बाण केवढे मारू?"

"तुझ्या बाईंना चष्म्याशिवाय दिसतील एवढे."

त्याने बैलाएवढे बाण मारले.

सुनीतीबाई शाळेच्या ओट्यावर उभ्या राहून सायकलवर बसायला शिकल्या. ओट्यावर पाय टेकून उतरायला शिकल्या. मधलंही जमलं. अडचण एकच. रपट्याचा उतार आला, खाली पाणी चमकलं, की त्यांचा पाय आपोआप जमिनीला लागे. रपटा गाडीएवढाच रुंद, कठडा नाही. दरवेळी त्या तिथे उतरत, सायकल हातात धरून पलीकडे जात आणि घरी येऊन म्हणत, "ही फेरी धरायची नाही."

एक फेरी, पाय न टेकवता. एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि ते लवकर पाहिजे होतं. कारण मंदार दोघांना पुण्याला न्यायला येणार होता, कायमचं. त्याने फोनवर समजूत घातली होती, "आई, इथे सोसायटीत जिम आहे. त्यातही सायकल आहे. ती हलत नाही, त्यामुळे पडायची भीतीच नाही."

सुनीतीबाईंनी फोन ठेवला आणि सायकलच्या चाकांत हवा भरली.

ती वर्षं कापसाची होती. म्हणजे कापूस आमच्याकडे दरवर्षीच असतो, पण त्या वर्षांत तो पेपरात होता. बाहेरून जीपा येत. त्यांतून उतरलेली माणसं विचारत, कसे आहात? आम्ही म्हणायचो, बरे आहोत. त्यांचा चेहरा पडायचा. मग आम्ही त्यांना चहा पाजून सरकारी कापूस संकलन केंद्राची रांग दाखवायला न्यायचो. तिथे त्यांचं समाधान व्हायचं.

रांग बघण्यासारखीच होती. आधी बारदाना नव्हता. बारदाना आला तर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर नव्हता. ग्रेडर आला तर काटा बिघडला. केंद्राच्या फाटकापासून निघालेली बैलगाड्यांची रांग बाजाराला वळसा घालून शाळेपर्यंत आली होती आणि जिथल्या तिथे उभी होती. बैलसुद्धा उभ्याउभ्या वयात आले असतील.

मंदार यायच्या आदल्या दिवशी पहाटे दाट धुकं पडलं. शाळेपाशी शेवटच्या गाडीत उत्तमसिंग नावाचा गडी होता. कूस बदलताना त्याला खाली फक्कीचा बाण दिसला.

इथे आमचा स्वभाव सांगितला पाहिजे. आमच्याकडे जमिनीवर फक्की दिसली, की माणूस तिच्यावर जाऊन उभा राहतो. मतदान असो, पोलिओचा डोस असो, पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर असो, फक्कीशिवाय आमच्याकडे काही घडलेलं नाही. उत्तमसिंगने बैल वळवले. धुक्यातून हाक गेली, "तिकडची रांग सरकून राह्यली रे!" आणि मागून एक एक गाडी फक्कीवर आली.

सगळ्यांत पुढची, उत्तमसिंगची गाडी गावाला वळसा घालून शाळेपाशी परत पोचली, तेव्हा तिला धुक्यात समोर एक गाडी दिसली. गाडी दिसली की तिच्या मागे लागायचं, एवढं तर लहान पोरालाही कळतं. ती मागे लागली. अशी ती रांग गावाभोवती पूर्ण झाली आणि फिरू लागली. काहींना शाळा दुसऱ्यांदा दिसली तेव्हा शंका आली. पण खरी रांग हलत नव्हती, ही हलत होती. हलणाऱ्या रांगेवर शंका घेणं बरं दिसत नाही.

यातलं काहीही माहीत नसलेल्या सुनीतीबाई उजाडताना ओट्यावरून सायकलवर बसल्या.

"आज नाही जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर पुण्याला जिम आहे," कमलाकरराव म्हणाले.

त्या निघाल्या.

पांदणीत शिरल्यावर त्यांना आधी घुंगरं ऐकू आली. मग धुक्यातून कापूस आला. गाडी दिसेना, बैल दिसेनात; नुसता पांढरा ढीग जमिनीपासून उंचावर तरंगत चालला होता, त्याच्यापुढे आणखी एक, त्याच्यापुढे आणखी एक. दोन्हीकडच्या बाभळींनी जाता जाता प्रत्येक ढिगातून थोडं थोडं ओढून घेतलं होतं. काट्याकाट्यावर कापूस होता. सुनीतीबाईंना वाटलं, झोप पुरी झाली नाही. तरी पाय मारत राहिल्या, कारण झोपेतसुद्धा थांबलं की पाय टेकावा लागणार.

"बाई!" एका ढिगावरून आवाज आला. "नमस्कार बाई! पाचवी ब!"

"नमस्कार रे," त्या म्हणाल्या. हात जोडता येत नव्हते. हात सोडला असता तर नमस्कार जमिनीला झाला असता.

"बाई, तुम्हीबी कापूस आणला काय?"

"आणला ना त्यायनं, डोक्शावर," दुसरा ढीग म्हणाला. "पाह्य ना, किती पिकला."

हसू धुक्यात पुढे पुढे गेलं. गंमत अशी, की सुनीतीबाईंना राग आला नाही. ज्यांच्यापासून लपायला ही वाट केली, ते सगळे वाटेवरच होते, आणि कापसावर आडवे होऊन असे सावकाश चालले होते, की त्यांच्यासमोर पडलं काय आणि न पडलं काय. ईदगाह मागे गेला. तुरीचा ओला वास आला आणि गेला. चिंच आली.

मग उतार आला.

रपट्याच्या तोंडाशी मथुराबाईची गाडी पोचली होती. मथुराबाई कासरा धरून पुढे बसली होती आणि तिचा नवरा पंजाबराव मागे कापसात असा झोपला होता, की फक्त त्याची टोपी वर होती. सायकल सुटली. उतारावर ब्रेक मारला तर पाय टेकणार, नाही मारला तर गाडीवर आदळणार.

"मथुरे, बाजूला हो! मला थांबता येत नाही!"

मथुराबाईने मागे वळून पाहिलं. चौथीत असताना याच बाईंनी तिला ओट्यावर उभं करून पाढे म्हणवून घेतले होते.

"तं मंग थांबू नका ना बाई! मी धरतो बैलं!"

तिने कासरा ओढला. बैल रपट्याच्या अलीकडे कडेला थबकले.

"ओ, काहून थांबवली गाडी?" मागून ओरडा झाला. "नंबर चालला ना तुहा!"

"जाऊ दे ना नंबर! बाई चालल्या!"

सुनीतीबाई गाडीला घासून पुढे निघाल्या. पुढची गाडी केव्हाच धुक्यात गेली होती. रपटा रिकामा होता. दोन्हीकडे पाणी वाफाळत होतं, आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं, आणि समोर कोणी नव्हतं. ढीग नाही, बैल नाही, सदरा नाही. पाय खाली येऊ लागला होता, पण तो कुठे टेकायचा ते त्याला धुक्यात सापडलं नाही, आणि तो परत पॅडलवर गेला.

रपटा संपला. चढ लागला.

मागे उजेड झाला, धुकं विरळ होत गेलं, आणि विहाराच्या टेकाडावरून उत्तमसिंगने पाहिलं, की रांगेला डोकंही नाही आणि शेपूटही नाही. गोल आहे. त्याने ते ओरडून सांगितलं. मग सगळे पोट धरून हसले, आणि मग, आमचीच माणसं ती, पहिला नंबर कोणाचा यावर भांडण सुरू झालं. गोलात एकच जागा मोकळी होती, मथुराबाईच्या गाडीपुढची. म्हणून सर्वानुमते पहिली गाडी तिची ठरली. केंद्र उघडेल तेव्हा उघडेल.

पंजाबराव कापसातून उठून बसला. "आलं काय केंद्र?"

"नाही. पण आपला नंबर पयला हाय."

"पयला? कायनं?"

"थांबलो म्हणून."

पंजाबरावाने यावर विचार केला आणि पुन्हा झोपला.

शाळेच्या ओट्यावर कमलाकरराव हात पुढे करून उभे होते. सायकल आली. कोवळ्या उन्हात सुनीतीबाईंच्या केसांत, पदरावर, चष्म्याच्या दांडीत कापूस अडकला होता.

"झाली! झाली फेरी! पाय टेकव!"

त्या हाताजवळून निघून गेल्या.

"अगं, उतरायचं ना! मंदार येतो आहे, सामान बांधायचं आहे! त्याला काय सांगू?"

सुनीतीबाईंनी मागे पाहिलं नाही. बघायचं ते समोर होतं.

"सांगा," त्या पांदणीत वळता वळता म्हणाल्या, "आई रांगेत आहे."