तिसऱ्या ओळीतली दहा काडतुसं

माझी बायको माझ्यापेक्षा चांगली काडतुसं भरते, हे गावात सगळ्यांच्या आधी मला कळलं आणि सगळ्यांच्या शेवटी मी ते कबूल केलं. मधल्या काळात मी जसा वागलो ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो.

एमरी हास आमच्या नेमबाजी क्लबातले सगळ्यात जुने सभासद. वय एकोणऐंशी, पण हात अजून घड्याळजीचा. त्यांच्या तळघरात एक लांब टेबल आहे, आणि पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात ज्याला अचूक नेम मारायचा असतो तो कधी ना कधी त्या टेबलाशी येऊन बसतो. दुकानातली काडतुसं हरणाला ठीक, कागदावरच्या ठिपक्याला नाही. ठिपक्यासाठी आपलं काडतूस आपणच भरायचं: उडालेलं पितळी टरफल साफ करायचं, त्यात तराजूवर तोललेली बंदुकीची दारू ओतायची, वर गोळी बसवायची. मी तिथे अकरा वर्षं शिकलो. पहिलं वर्ष तर नुसती टरफलं पुसण्यात गेलं.

ऑगस्टमध्ये एकदा जेवताना आर्लीन म्हणाली, "मी एमरींकडे भरायला शिकायला जाणार आहे."

"घरात मी आहे ना."

"तू मला ट्रक शिकवलास तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात उतरून तीन मैल चालत घरी आले होते, मर्ल. आणि तो नुसता ट्रक होता. मला हातांना दहा बोटं हवीत."

मी हसलो. मला वाटलं, दोन आठवड्यांत कंटाळेल. पण आर्लीन गेली एकवीस वर्षं बेकरीत पहाटे मीठ आणि यीस्ट तोलते, हे मी विसरलो होतो. पहिल्याच दिवशी तिने तराजूचा काटा असा अचूक मधोमध आणला की एमरींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तिसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, "पोरीला सांगावं लागत नाही रे. तुला मी वर्षभर सांगत होतो." हे त्यांनी माझं कौतुक केल्यासारखं सांगितलं.

आणि मग टोपी.

एमरींच्या टेबलाचा एक नियम आहे. जो दारू ओतत असेल त्याने लाल टोपी घालायची. डोक्यावर टोपी आहे तोवर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी त्याच्या हातातलं माप खाली ठेवू द्यायचं. कुणी बोललंच, तर भोकांच्या फळीवर उभी केलेली सगळी टरफलं उपडी करून पहिल्यापासून सुरुवात. टोपी ज्याची त्याने आणायची. मी माझी शिकारीच्या दुकानातून विकत आणली. आर्लीनला मात्र एमरींनी स्वतःची दिली, चाळीस वर्षांची, कडा झिजलेली. "मला आता कान झाकणारी लागते," म्हणाले. कानाचं निमित्त मला पटलं नाही. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते सप्टेंबरभर थांबलं नाही.

घरीही तेच. पूर्वी मी बोलायचो आणि ती ऐकायची. आता ती विचारायची, "तू गोळी बसवताना टरफल अर्धं फिरवतोस का?" मी फिरवत नव्हतो. दुसऱ्या दिवशी लपून फिरवून बघितलं. फरक पडला. त्याचा मला आणखीनच राग आला.

आता गुरुवारची गोष्ट. शनिवारी क्लबाचा हॅमचा सामना होता. नवशिक्यांच्या गटात पहिल्या येणाऱ्याला हॅम, म्हणजे धुरी दिलेली डुकराची अख्खी मांडी मिळते आणि भिंतीवरच्या लाकडी पाटीवर नाव लागतं. माझ्या पहिल्या वर्षी मी तिसरा आलो होतो, आणि तिसऱ्याचं नाव पाटीवर लागत नाही. आर्लीन सामन्यासाठी पन्नास काडतुसं भरत होती. एमरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी लाकूडगिरणीतून सुटलो आणि तिला घ्यायला गेलो.

जिन्याच्या मधल्या पायरीवरून ती दिसली. पाठमोरी, डोक्यावर लाल टोपी, पुढ्यात पन्नास भोकांची फळी, दहा-दहाच्या पाच ओळी. हात तिसऱ्या ओळीवर चालत होता. माप, नरसाळं, पुढचं टरफल. माप, नरसाळं, पुढचं टरफल. कुठे अडखळणं नाही. मला इतकं सुंदर कधी जमलं नव्हतं.

आणि मी बोललो. मुद्दाम. "तुझ्या बहिणीचा फोन आला होता," म्हटलं. आला होता, सकाळी. त्यात घाई काहीच नव्हती.

तिचा हात हवेत थांबला. मान वळली. "काय म्हणाली?"

"काही नाही. मी गाडीत बसतो."

ती पुन्हा फळीकडे वळली. माप उचललं. कुठल्या टरफलावर होती ते शोधत तिचं बोट क्षणभर घुटमळलं. तेवढं बघून मी वर निघून आलो. नंतर तिने बॅटरी मारून टरफलं तपासली की नाही, ते मी बघितलं नाही. मला फक्त ते बोट घुटमळताना बघायचं होतं.

आता हे नीट समजून घ्या. नवशिक्याचा खांदा दुखू नये म्हणून एमरी पहिल्या वर्षी थोडीच दारू भरायला देतात. ती टरफलाच्या तळाशी पडते, अर्धंही भरत नाही. म्हणून त्यात चुकून दुसरं माप पडलं तरी मावतं. वर गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. तराजूवरही नाही, कारण नवशिक्याची टरफलं दहा कंपन्यांची, प्रत्येकाचं वजन वेगळं. कळतं ते बंदूक फुटते तेव्हा, आणि ती तेव्हा गालाला टेकलेली असते. लाल टोपी त्यासाठीच आहे. हे मला अकरा वर्षं माहीत होतं.

गुरुवारी जेवताना मी बोललो नाही. ती बिटात मुरवलेली अंडी वाढत होती, गुणगुणत होती. शुक्रवारीही बोललो नाही. तिने तपासलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सांगायचं म्हणजे मी मुद्दाम बोललो हेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी आकाश स्वच्छ होतं आणि वारा नव्हता. दहा-दहा गोळ्यांच्या तीन फेऱ्या. एमरींच्या शिस्तीत फळीवरची ओळ तशीच्या तशी डब्यात उतरते, पहिली ओळ पहिल्या फेरीला, दुसरी दुसऱ्या. आर्लीनने पहिली फेरी मारली. दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच सेंटच्या नाण्याखाली झाकतील अशी भोकं. दुसऱ्या फेरीत त्याहून दाट. लोक आपापली टेबलं सोडून तिच्यामागे जमले. एमरी दुर्बिणीतून बघत म्हणाले, "माझ्या तळघरातून असा कागद अजून बाहेर पडला नव्हता."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. अकरा वर्षं त्यांच्या टेबलाशी शिकलेला मी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या मनात आलं, आता एक तरी बिघडू दे. फक्त एक.

तिने डब्यातून तिसऱ्या ओळीतलं पहिलं काडतूस उचललं. एक बिघडू दे म्हणजे मी काय मागतोय, ते मला तेव्हा कळलं. तिने काडतूस बंदुकीत सारलं, कडी लावली, गाल दस्त्याच्या लाकडाला टेकवला.

"गोळीबार बंद!"

आमच्या मैदानावर ही हाळी कुणीही देऊ शकतो, आणि ती ऐकली की सगळ्यांनी हात वर करून मागे सरायचं असतं. कारण नसताना देणाऱ्याला मात्र क्लबात कुणी तोंड दाखवू देत नाही. सगळे हात वर गेले. आर्लीनचेही.

शिट्टी गळ्यात अडकवून हॅटी आली. मैदान तिच्या ताब्यात असतं. "कोण ओरडलं?"

"मी."

"काय झालं? पुढे हरीण आलं का?"

"बायको पुढे गेली," मागून डेल म्हणाला. डेल माझ्याबरोबर गिरणीत असतो. "तेच दिसलं त्याला."

लोक हसले. हॅटी हसली नाही. "मर्ल, कारण सांग, नाहीतर घरी जा."

मला पळून जाता आलं असतं. सगळ्यांना वाटलं असतं, बायकोचा हॅम बघवला नाही म्हणून ओरडला, आणि ते अर्धं खरंच होतं. पण आर्लीनची कडी अजून लागलेली होती.

"ही ओळ ती भरत असताना मी तिच्याशी बोललो," मी म्हणालो. "टोपी होती डोक्यावर. मला दिसत होती."

"चुकून?" एमरींनी विचारलं.

"नाही."

"का?"

सगळे ऐकत होते. "ती माझ्यापेक्षा चांगलं करते म्हणून."

डेलनेही मान खाली घातली. आर्लीनने हळूच कडी उघडली आणि काडतूस काढून डब्यात ठेवलं. हॅटी म्हणाली, "शंका असलेलं काडतूस इथे उडणार नाही. आर्लीन, दुसरी काडतुसं आहेत का?"

"ह्याच फळीवरची आहेत."

"मग तुझा तिसरा कागद कोराच राहील. मला वाईट वाटतं."

हॅम शेजारच्या गावच्या पोस्टमनला मिळाला. लोक खोकत, बुटांकडे बघत पांगले. एमरींनी गाडीतून पोकळ हातोडा आणि पांढरं फडकं आणलं. काडतूस हातोड्याच्या डोक्यात अडकवून ओंडक्यावर ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. भरलेलं उलगडायचं म्हणजे भरण्याच्या तिप्पट कष्ट.

"दहाही," एमरी म्हणाले. "एकेक. दारू फडक्यावर ओत आणि मला दाखव."

मी ओंडक्यापाशी गुडघ्यांवर बसलो. पहिलं ठोकलं. एकच माप. दुसरं, एकच माप. तिसरं, चौथं. आर्लीन कोटाच्या खिशात हात घालून उभी होती.

पाचव्यानंतर मला दुसरीच भीती वाटायला लागली. एखाद्यात दोन मापं निघाली, तर मी बायकोच्या तोंडावर बंदूक फोडायला निघालो होतो. एकातही निघाली नाहीत, तर मी तिचा हॅम आणि पाटीवरचं नाव उगीच घालवलं. आठव्याला मी मनापासून म्हणत होतो की दोन मापं निघू देत. म्हणजे मी निदान बरोबर तरी ठरेन. मी असा माणूस आहे.

नववं. दहावं. एकच माप.

एमरींनी फडकं गोळा केलं आणि ते गाडीकडे गेले.

"तू जिना चढून गेलास," आर्लीन म्हणाली, "आणि मी फळी उपडी केली. पहिल्यापासून भरली. नियम आहे तो."

"मग मघाशी का नाही सांगितलंस? हॅम तुझा होता."

"तू गुरुवारी सांगितलं नाहीस. शुक्रवारी सांगितलं नाहीस. म्हटलं, ठोक आता."

"वेळेवर ओरडलो ना शेवटी."

"वीस गोळ्या मारल्या मी, मर्ल. तू मागे उभा होतास."

"पहिल्या दोन ओळींत भीती नव्हती. मी बोललो तेव्हा तू तिसऱ्या ओळीवर होतीस."

"नक्की तिसऱ्या?"

मी तोंड उघडलं. जिन्यावरून तिचा खांदा दिसत होता, हात दिसत होता, फळीची अलीकडची कड तिच्या कोपराआड होती.

"बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक," ती म्हणाली.

मग तिने खिशातून एमरींची लाल टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर बसवली, लहान पोराला बसवतात तशी, कानांपर्यंत ओढून.

"ही दहा मला परत भरून दे. आजच. मी शेजारी बसते. टोपी डोक्यावर आहे तोवर मी बोलणार नाही, घाबरू नकोस."

एमरींनी तळघराची किल्ली दिली आणि स्वतः वर राहिले. मी टेबलाशी बसलो. टोपी उबदार होती आणि तिला आर्लीनच्या केसांचा, बेकरीतल्या दालचिनीचा वास होता. ज्या टोपीसाठी मी महिनाभर जळत होतो, ती डोक्यावर असताना मला ती कधी काढतो असं झालं होतं. दहा टरफलं फळीवर उभी केली. माप, नरसाळं, पुढचं टरफल. ती खरोखरच एक अक्षर बोलली नाही.

दहाव्यात दारू पडली. मी बॅटरी घेतली आणि दहाही टरफलांत नीट वाकून बघितलं. सगळ्यांत सारखी दारू होती. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. आता बोलायला हरकत नव्हती.

तिने माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि पहिल्या टरफलापासून पुन्हा तपासायला लागली.