बारीक पिन, जाड पिन

दोन हजार सहा सालचा ऑगस्ट. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले संभाजी सकाळी घरातून निघाले, ते दुपारपर्यंत परतलेच नाहीत. वर्षभरात त्यांना फार विसर पडू लागला होता. म्हणून मुलीने, आम्रपालीने, त्यांच्या खिशात आपला मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. हिंजवडीचं ऑफिस सोडून ती गावभर त्यांना शोधत फिरत होती.

बुधवार पेठेत फोन वाजला. "अहो, चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे. एक आजोबा इथे नदीच्या—"

आणि बॅटरी संपली.

नदीच्या कुठे? पुण्यात घाट किती, पूल किती! समोरच्या दादामियाँच्या दुकानात ती धावत शिरली. भिंतभर चार्जर लटकत होते. जाड पिनचे, बारीक पिनचे, चपट्या तोंडाचे. दादामियाँनी एकेक लावून पाहिला. एकही बसेना.

"सिम काढा, माझ्या फोनात घालू."

"याला सिमच नाही चाचा. नंबर फोनातच बसवलेला आहे."

"वा! पिन कंपनीची, नंबर कंपनीचा. आपलं काय, फक्त बिल?"

कोपऱ्यातला रेडिओ सांगत होता, धरणातून पाणी सोडलं आहे, नदीकाठच्यांनी सावध राहावं. आम्रपालीने फोन पुन्हा दादामियाँपुढे सरकवला.

"चाचा, काहीतरी करा हो! माझे वडील तिथे आहेत."

दादामियाँनी फोनची बॅटरीच उपसून काढली आणि सुट्या बॅटरीला लावायच्या चिमट्याच्या चार्जरच्या दोन तारा तिच्यावर दाबून धरल्या. "बोट हललं की संपलं. आता बोलू नका माझ्याशी."

ती उभी राहिली. डोळ्यांपुढे गढूळ पाणी वडिलांच्या चपलांपर्यंत येत होतं.

दहा मिनिटांनी त्यांनी बॅटरी परत बसवली, तसा फोन सुरू झाला आणि लगेच वाजला. "कधीपासून लावतोय! शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या मागे. पायऱ्यांवरून उठतच नाहीत हो. पाणी चढतंय."

ती पळत सुटली.

पाणी तीन पायऱ्या खाली होतं. एका अनोळखी माणसाने संभाजींचा दंड घट्ट धरला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाई, पहिल्या पाळीचा भोंगा झाला का?"

तिने त्यांचं मनगट धरलं. "झाला अण्णा. सुट्टीसुद्धा झाली. चला."

ते निमूट उठले. रिक्षात बसल्यावरही तिने त्यांचं मनगट सोडलं नाही. उद्या यांना घरी ठेवून ऑफिसला जायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं.