पठारावरचा ओढा

निशांत गेला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून कुंदन पाटील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खांदेश्वरला निशांतच्या आईवडिलांकडे जात असे. कुंदन घणसोली गावातला, रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी तो पोरापोरींना डोंगरातल्या घळींमध्ये दोर लावून उतरवायचा. अशाच एका ट्रिपमध्ये, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत नऊ जण असताना वरून पाण्याचा लोंढा आला. आठ जण कसेबसे कपारीवर चढले. निशांत सगळ्यात शेवटी होता.

पोलिसांना, ट्रेकच्या ग्रुपला आणि निशांतच्या घरीही कुंदनने एकच सांगितलं होतं. सकाळी घळीच्या वरच्या पठारावर जाऊन ओढा बघून आलो होतो, सगळं ठीक होतं, पाणी अचानक आलं. निशांतच्या वडिलांनी, दिनानाथकाकांनी, ते मानलं होतं. उलट तेच कुंदनची समजूत घालायचे.

यंदाच्या ऑक्टोबरात काकांनी चहा पिता पिता विचारलं, "पुन्हा कधी नेतोस पोरांना?"

"त्याच घळीत जायचंय काका, दोन वर्षांनी पहिल्यांदाच. पण परतीचा पाऊस झालाय. मंगळवारी सुट्टी टाकून एकटाच बघून येतो."

वैजयंतीकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या कुंदनशी फारसं बोलत नसत.

"मलाही ने."

"काकू, तिकडं चढ हाय. पाय घसरतात."

"आत नाही येणार मी. तुम्ही लोक कसं बघता, तेवढं बघायचंय."

काका म्हणाले, "ने रे तिला. घराबाहेर तरी पडेल."

मंगळवारी पहाटे भावाची गाडी घेऊन कुंदन आला. काकूंनी निशांतचे ट्रेकचे बूट घातले होते, दोन-दोन मोजे चढवून.

घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा आकाश निळंशार होतं. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ की मध्ये उभं राहून हात पसरले तर बोटं टेकतील. तळाला गोटे, त्यावरून घोटाभर पाणी. काकू बाहेरच एका दगडाला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या आतल्या काळोखाकडे बघत होत्या.

"पाणी तर किती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"इथलं बघून काय कळत नाय काकू." कुंदनने डोक्याच्या वर हात केला. खडकाच्या फटीत ओलं गवत आणि काड्या अडकल्या होत्या. "दोनतीन दिवसांत कधीतरी एवढं आलं असणार. खरं ते वर पठारावर कळतं."

"किती वेळ लागतो वर जायला?"

"तासभर."

"चल."

साठीच्या बाईला तो तास जड गेला. दोनदा त्या बसल्या, एकदा हाताला काटा लागून रक्त आलं, पण परत जाऊ म्हणाल्या नाहीत. वर पठारावर वारा होता, आणि ओढा चहासारखा गढूळ झाला होता. रात्री पलीकडच्या बाजूला पाऊस झाला असावा. कुंदनने एक काठी घेतली, चाकूने तिच्यावर खूण केली आणि पाण्याच्या कडेला खोचली. खूण पाण्याच्या दोन बोटं वर होती. दोघं बाजूला बसून राहिले. वीस मिनिटांत खूण बुडाली.

"हे पाणी खाली घळीत कधी पोचेल?"

"पाऊण तासात."

काकू काठीकडे बघत होत्या. "म्हणजे इथं कुणी येऊन बसलं, तर त्याला आधी कळतं."

"हो."

"त्या दिवशी लावली होतीस काठी?"

कुंदनच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. दोन वर्षं तो ते देत होता, आता ते देताना अडखळतही नसे. पण समोर ओढा वाहत होता आणि काकूंच्या मनगटावर रक्त सुकलं होतं.

"नाय काकू. मी वर आलोच नव्हतो."

काकूंनी मान वळवली नाही. "का?"

"उशीर झालेला. सगळे हेल्मेट घालून तयार. खाली पाणी स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, तास कशाला घालवायचा."

"निशांतने काही विचारलं होतं?"

हे कुंदनने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या बायकोलाही नाही.

"विचारलं. म्हणाला, दादा, वर बघून आलास ना?"

"मग?"

"मी हो म्हणालो."

काकू उठल्या आणि उतरायला लागल्या. निसरड्या जागी कुंदनने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बसून, सरकत, साडी चिखलात माखवत त्या एकट्या खाली आल्या. गाडीत मागच्या सीटवर बसल्या. वाटेत त्यांच्या रडण्याचा आवाज आला. कुंदनने गाडी बाजूला घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबू नकोस."

सोसायटीच्या गेटशी उतरल्यावर त्या खिडकीपाशी आल्या.

"काकांना हे सांगायचं नाही."

"मी आता कुठल्या तोंडानं येऊ काकू?"

"येशील. ते तुझी वाट बघतात. निशांतसारखा बोलतोस म्हणतात. मुलगा गेला त्यांचा. आता तू चांगला आहेस, एवढं तरी त्यांच्याकडे राहू दे. माझं मी बघेन."

कुंदनने ट्रिप रद्द केली. ग्रुपवर लोक कुरकुरले. पुढच्या ट्रिपचं विचारलं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो खांदेश्वरला गेला. दोनदा बेल दाबायला गेलेला हात त्याने मागे घेतला होता. काकांनीच दार उघडलं. काकू घरात नव्हत्या, बहिणीकडे गेल्या होत्या. डिसेंबरातही नव्हत्या. जानेवारीत काका हसत म्हणाले, "हल्ली हिला नेमकी पहिल्या रविवारीच कामं निघतात बघ." मग ते आत गेले आणि त्यांनी स्वतःच चहा टाकला. साखर फार झाली होती. कुंदनने तो सगळा प्यायला. काकांनी विचारलं म्हणून अजून अर्धा कप घेतला.