एकच लाल फुली

आमच्या दुपंखी हेलिकॉप्टरमधून तेल गळायचं थांबलं की आम्ही घाबरायचो. गळत नाही म्हणजे संपलं असणार! व्हिएतनाममधल्या आमच्या डोंगरी तळावर असले विनोद फार चालायचे. मी मात्र या यंत्राला जन्मापासून ओळखत होतो. सक्तीच्या भरतीत सैन्यात ओढून नेण्याआधी दोन वर्षं मी फिलाडेल्फियाजवळच्या कारखान्यात हीच हेलिकॉप्टरं जोडत होतो. पुढचा आणि मागचा पंखा एकमेकांच्या वाटेतून फिरतात. छतातून जाणारा, तुकडे जोडून केलेला लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, दोघांचा ताल सांभाळतो. तो निकामी झाला तर पाती एकमेकांवर आपटतात, मग पायलट कितीही हुशार असो. चाचण्यांच्या दिवसांत आमचे इंजिनियर त्या शाफ्टला जपायचे, तेवढे बायकोलाही जपत नसतील.

सदुसष्टच्या मार्चमध्ये, मी मेकॅनिक म्हणून सांभाळायचो त्या हेलिकॉप्टरच्या मागच्या गिअरबॉक्समध्ये धातूचा कीस सापडला, म्हणजे आतले दाते झिजत होते. मी लॉगबुकात लाल फुली मारली. लाल फुली म्हणजे उड्डाण बंद, जनरल आला तरी बंद. त्याच दिवशी शाफ्टच्या एका बेअरिंगमधूनही घरघर ऐकू आली होती. ती मी लिहिली नाही. एका फुलीने हेलिकॉप्टर खाली बसलंच होतं, मग दुसरी कशाला? गिअरबॉक्स बदलताना शाफ्ट निघणारच होता, तेव्हा बघू म्हटलं. आम्ही सगळेच असं करायचो.

"काय झिलिन्स्की, बसली का तुझी म्हातारी?" ब्लेव्हिन्सने हाक मारली. तो केंटकीचा, शेजारच्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक आणि तिथला माझा एकुलता एक दोस्त.

"बसली. तुझी उडतेय तोवर मिरवून घे."

"माझी नाजूक नाही रे. दोन शिव्या घातल्या की उडते!"

नवा गिअरबॉक्स आणायला मला बंदरावर पाठवलं. त्यात तीन दिवस गेले. परतलो तर माझ्या हेलिकॉप्टरची पाठ उघडी, आणि शाफ्टचा एक तुकडा बेअरिंगसकट गायब.

"सार्जंट, माझा शाफ्ट कुठाय?"

"ब्लेव्हिन्सला दिला," सार्जंट मॅकनल्टी म्हणाला. "त्याचा चेपला होता. बसलेल्याचं काढून उडत्याला लावायचं, हे काय तुला नवीन आहे?"

"त्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय!"

"लॉगबुकात नाही. मी स्वतः वाचलं. गिअरबॉक्स, बस्स."

ज्याने यंत्र सांभाळायचं त्याने त्यातूनच उडायचं, अशी आमच्याकडे रीत होती. शेजारची जागा रिकामी होती, म्हणजे ब्लेव्हिन्स वर होता, आणि त्याच्याबरोबर एकवीस शिपाई. मी वायरलेसच्या खोलीकडे धावलो. ऑपरेटरच्या हातातून माइक हिसकावून ओरडलो, "उतरा! असाल तिथे उतरा!"

"खाली नुसती झाडी आहे," पायलट म्हणाला. "दोन मिनिटांवर मोकळी जागा दिसतेय. तिथे घेतो."

मग ब्लेव्हिन्सचा आवाज आला. "झिल, काय झालंय?"

मी सांगितलं.

"लिहायचं होतंस ना, लेका," तो म्हणाला. पुढे काहीच ऐकू आलं नाही.

ते हेलिकॉप्टर कोसळलं त्याच्या चौकशीला एक मेजर आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. खरं तर मला शिक्षा हवी होती.

"ती घरघर लॉगबुकात आहे?" त्याने विचारलं.

"नाही सर. तेच तर सांगतोय."

"नाही ना? मग कागदावर नसलेल्या आवाजाचं मी काय करू?" त्याने पेनाला टोपण लावलं. "बाकी तुमचं लॉगबुक अगदी चोख आहे."

जूनमध्ये सगळ्यांना रांगेत उभं करून मला प्रशस्तिपत्र दिलं. नादुरुस्त हेलिकॉप्टर वेळेवर जमिनीवर बसवल्याबद्दल, दक्षतेबद्दल. मॅकनल्टीने टाळ्या वाजवल्या. मी ते घेतलं, आणि सलामही ठोकला.